कॅप्टनने कुणाला हाक मारायची?

पिंगळी (जि. परभणी) : परभणीहून पूर्णेकडे निघालेली पॅसेंजर थोड्याच वेळात पिंगळीच्या छोट्या स्थानकावर थांबते. दोन्ही बाजूंना सोयाबीन, कापूस, तूर. इथून मुंबईचा समुद्र रेल्वेने पाचशे किलोमीटरहून लांब. तरीही ‘मर्चंट नेव्ही’ हा शब्द मराठवाड्यातल्या अशा गावांना आता परका नाही. बारावी सायन्स झालेला पोरगा, समुद्र न पाहिलेले आईवडील, कोर्सच्या फीसाठी काढलेलं कर्ज आणि डॉलरमधल्या पगाराची आशा, हे गणित अनेक घरांत मांडलं जातं. भारत हा जगाला नाविक पुरवणाऱ्या पहिल्या पाच देशांपैकी एक आहे, आणि त्या नाविकांत किनाऱ्यापासून दूरच्या जिल्ह्यांतली मुलंही आहेत.

जहाजावर गेलेल्या अशा मुलाच्या एकटेपणाबद्दल अलीकडे थोडंफार लिहिलं जातं. ज्याच्याबद्दल फारसं बोललं जात नाही तो मात्र वेगळाच माणूस आहे. वीस-पंचवीस वर्षं समुद्रावर काढून किनाऱ्यावर आलेला, मुंबईत जहाज कंपनीच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर बसलेला आणि संध्याकाळी एखाद्या सागरी व्यावसायिकांच्या क्लबचा किंवा संघटनेचा अध्यक्ष म्हणून व्यासपीठावर उभा राहणारा. तरुण नाविकांनी मनातलं बोलावं, मदत मागावी, असं भाषण तोच करतो. आणि त्याच रात्री त्याला स्वतःला झोप येत नसेल, सकाळी उठून अंघोळ करणंही डोंगराएवढं वाटत असेल, तर? ते तो कुणाला सांगत नाही. सांगायचं कुणाला, हाच खरा प्रश्न असतो.

सागरी धंद्यात ‘क्लब’ या शब्दाला जुना आणि गंमतीशीर इतिहास आहे. मुंबईत धोबी तलावाच्या परिसरात गोव्यातल्या खलाशांचे ‘कूड’ होते, त्यांतले काही अजूनही आहेत. एकेका गावाचा एकेक क्लब. जहाजावरून उतरलेल्या माणसाला दुसरं जहाज मिळेपर्यंत झोपायला जागा, पेटी ठेवायला कोपरा, संध्याकाळी सगळ्यांची मिळून प्रार्थना आणि गावच्या बातम्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत असे शेकडो कूड मुंबईत होते. मानसिक आरोग्य हा शब्द तेव्हा कुणी वापरला नसेल, पण दर्यावरून आलेला माणूस एकटा पडू नये याची ती चोख व्यवस्था होती. जहाजमालकांच्या भाषेत ‘क्लब’ म्हणजे परस्पर विमा मंडळं. आज जगातल्या बहुतेक मोठ्या व्यापारी जहाजांच्या दायित्वाचा विमा अशा बारा क्लबांच्या एका गटाकडे असतो. तिसरा प्रकार व्यावसायिकांच्या संस्थांचा. १९५७ साली मुंबईत स्थापन झालेली ‘कंपनी ऑफ मास्टर मरिनर्स ऑफ इंडिया’ ही कॅप्टनांची संस्था, मरीन इंजिनिअरांची संस्था, जहाज उद्योगातल्या महिलांची ‘विस्टा’, शिवाय ठिकठिकाणची लहानमोठी मंडळं.

या तिसऱ्या प्रकारच्या क्लबचं काम बाहेरून सोपं दिसतं. वर्षभरात दहा-बारा व्याख्यानं, ५ एप्रिलचा राष्ट्रीय सागरी दिन, २५ जूनचा जागतिक नाविक दिन, एखादी परिषद, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती. प्रत्यक्षात अध्यक्षाच्या मानेवर बरंच काही असतं. प्रायोजक गोळा करणं, जुन्याजाणत्यांचे रुसवे काढणं, दिल्लीतल्या नियमबदलांवर मत मांडणं आणि अडचणीत सापडलेल्या नाविकाच्या घरच्यांचा रात्री अकराला आलेला फोन घेणं. यातल्या कशाचाच पगार नसतो. नोकरी सांभाळून, हौसेने आणि प्रतिष्ठेपायी हे चालतं. गणेश मंडळाचा अध्यक्ष, सोसायटीचा चेअरमन किंवा गावचा सरपंच राहिलेल्या कुणालाही हे ओझं ओळखीचं वाटेल.

आकडे काय सांगतात

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने नाविक कामगार संघटनांच्या विश्वस्त निधीसाठी केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दीड हजारांहून अधिक नाविकांना नेहमीच्या वैद्यकीय प्रश्नावलीतले प्रश्न विचारले गेले. त्यांतल्या २५ टक्क्यांच्या उत्तरांत नैराश्याची, तर १७ टक्क्यांच्या उत्तरांत चिंताविकाराची लक्षणं आढळली. आधीच्या दोन आठवड्यांत मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार मनात येऊन गेल्याचं २० टक्के नाविकांनी सांगितलं. ही प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. तिच्यातून फक्त कुणाची नीट तपासणी व्हायला हवी ते कळतं. तुलनेसाठी, बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत भारतातल्या प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. दोन्ही अभ्यासांची पद्धत वेगळी असल्याने आकडे शेजारी ठेवून भागाकार करण्यात अर्थ नाही. पण समुद्रावरचं चित्र हलकं नाही, एवढं नक्की.

येलच्या अभ्यासातली दुसरी गोष्ट आकड्यांहून महत्त्वाची आहे. त्रास कुणाला जास्त, हे शोधताना जहाजावरची दादागिरी किंवा हिंसा आणि कंपनीची बेपर्वाई या बाबी ठळकपणे पुढे आल्या. म्हणजे हा प्रश्न निव्वळ समुद्राचा, लाटांचा, घरच्या आठवणींचा नव्हता. वरच्या माणसांचं वागणं हाही त्याचा भाग होता. वरची माणसं नीट असणं म्हणूनच खालच्यांच्या आरोग्याचाही प्रश्न आहे.

मोठ्या व्यापारी जहाजावर साधारण वीस-पंचवीस माणसं असतात. चार तास वॉच, आठ तास सुट्टी, पुन्हा चार तास वॉच. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारानुसार चोवीस तासांत किमान १० आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. भारताने २०१५ मध्ये हा करार मान्य केला. बंदरात माल चढवण्या-उतरवण्याची घाई असते, तपासणीला अधिकारी येतात, वेळक्षेत्रं बदलत राहतात. त्यामुळे विश्रांतीचे तास कागदावर भरतात आणि झोप मात्र तुकड्यातुकड्यांत होते. शरीरातलं घड्याळ उजेड-अंधारावर चालतं. ते वारंवार मागेपुढे केलं की झोप, भूक आणि मनाची उभारी तिन्ही बिघडतात. नैराश्याकडे झुकणाऱ्या माणसाला अपुरी झोप ढकलायला पुरेशी ठरते.

करोनाच्या काळात हे सगळं टोकाला गेलं. बंदरं आणि विमानं बंद झाली. सर्वांत वाईट काळात सुमारे चार लाख नाविक करार संपूनही जहाजांवर अडकून पडले होते. त्या महिन्यांत सागरी संघटनांच्या पदाधिकाऱ्यांचे फोन दिवसरात्र वाजत होते. अडकलेल्यांची मोजदाद झाली. फोन घेणाऱ्यांची कुणी केली नाही.

हाक मारण्याचा नियम

मदत मागण्याची लाज वाटू नये म्हणून समुद्रावर जेवढी व्यवस्था आहे तेवढी क्वचितच दुसऱ्या धंद्यात असेल. जहाजाच्या ब्रिजवर कॅप्टनच्या सहीचे कायमस्वरूपी आदेश ठेवलेले असतात. त्यातलं एक कलम जवळजवळ सगळीकडे सारखं : शंका आली की मला उठवा. रात्रीचे दोन वाजले असोत, विनाकारण उठवलं असं नंतर निघो, हरकत नाही. न उठवणं हा दोष, उठवणं नव्हे. दुसरा नियम तर आंतरराष्ट्रीय संहितेतलाच आहे. वॉच घ्यायला येणारा अधिकारी काम करण्याच्या स्थितीत नाही असं वाटण्याला कारण असेल, तर त्याच्या हाती वॉच सोपवायची नाही, कॅप्टनला कळवायचं. थकवा, आजार, दारू, कारण काहीही असो.

या साखळीत एकच दुवा लोंबकळत राहतो. कॅप्टनच्या वर जहाजावर कुणी नसतं. त्याने कुणाला उठवायचं? त्याच्याशी मोकळेपणाने बोलणारं कुणी नसतं आणि त्यालाही सर्वांशी थोडं अंतर राखावं लागतं. वीस वर्षं हीच सवय अंगी मुरलेला माणूस किनाऱ्यावर येऊन क्लबचा अध्यक्ष होतो, तेव्हा ती सवय त्याच्याबरोबर येते. क्लबच्या घटनेत निवडणूक, वर्गणी, गणसंख्या यांवर कलमं असतात. अध्यक्ष दोन महिने आजारी पडला तर काय, यावर बहुतेक वेळा उपाध्यक्षांविषयीची एक ओळ असते आणि ती कुणी वापरत नाही.

बीगलचा कॅप्टन

चार्ल्स डार्विनला जगाची सफर घडवणाऱ्या ‘बीगल’ जहाजाचं नाव शाळेतल्या पुस्तकात असतं. त्याच्या कॅप्टनची गोष्ट नसते. रॉबर्ट फिट्झरॉय. १८२८ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, थंडी, पाऊस आणि एकांताने खचलेल्या ‘बीगल’च्या आधीच्या कॅप्टनने स्वतःचं आयुष्य संपवलं आणि तेविसाव्या वर्षी फिट्झरॉयकडे जहाज आलं. त्याच्या मामाचा, ब्रिटनच्या एका बड्या मंत्र्याचा, शेवटही असाच झाला होता. आपल्यालाही हे होऊ शकतं, ही भीती त्याने लपवली नाही, तिच्यावर उपाय शोधला. १८३१ च्या दुसऱ्या सफरीवर निघताना त्याने बरोबरीच्या नात्याने बोलता येईल असा सुशिक्षित सोबती मागितला. तो सोबती म्हणजे डार्विन. उत्क्रांतीच्या सिद्धांताच्या मुळाशी एका कॅप्टनने आपल्या मनाच्या काळजीपोटी केलेली ही तजवीज आहे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

तरीही १८३४ मध्ये चिलीच्या व्हालपरायझो बंदरात तो कोसळला. सर्वेक्षणाला मदत म्हणून स्वतःच्या खिशातून घेतलेल्या दुसऱ्या जहाजाचा खर्च नौदलाने नाकारला, ते विकावं लागलं, त्यावर अतिश्रम. आपलं डोकं फिरतंय या भीतीने त्याने राजीनामा दिला आणि जहाज त्याचा सहायक जॉन विकहॅम याच्याकडे सोपवलं.

इथे विकहॅमने जे केलं ते आजच्या प्रत्येक उपाध्यक्षाने वाचावं. बढती चालून आली होती, ती त्याने घेतली नाही. फिट्झरॉयला उपदेशही केला नाही. त्याने नौदलाचे लेखी आदेश समोर ठेवले. दक्षिणेच्या त्या भयाण किनाऱ्यावर पुन्हा जाऊन सगळं सर्वेक्षण पुरं केलंच पाहिजे, असं फिट्झरॉयच्या मनाने घेतलं होतं. आदेशात मात्र एवढंच होतं की वेळ मिळेल तेवढं करा आणि पॅसिफिकमार्गे परत या. डोंगर निम्मा मनातलाच निघाला. काम आहे त्या आकाराचं झालं, राजीनामा मागे घेतला गेला आणि १८३६ मध्ये ‘बीगल’ सुखरूप घरी पोहोचली.

पुढे १८५४ मध्ये हाच फिट्झरॉय ब्रिटनच्या नव्या हवामान खात्याचा प्रमुख झाला. १८५९ च्या एका वादळात ‘रॉयल चार्टर’ हे जहाज फुटून साडेचारशेच्या आसपास माणसं गेली, त्यानंतर त्याने तारायंत्राच्या साह्याने बंदरांना वादळाची पूर्वसूचना द्यायची पद्धत १८६१ मध्ये सुरू केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये जनतेसाठी हवामानाचा अंदाज छापून येऊ लागला. आज रत्नागिरीच्या बंदरात तीन नंबरचा बावटा लागला की मच्छीमार होड्या ओढून घेतात, त्या पद्धतीचं मूळ तिथे आहे. अंदाज चुकला की थट्टा व्हायची, शास्त्रज्ञ नाकं मुरडायचे, पैशाची ओढाताण होती, तब्येत ढासळत होती. एप्रिल १८६५ मध्ये त्याने स्वतःचं जीवन संपवलं. आत्महत्येमागे कधीच एक कारण नसतं आणि दीडशे वर्षांनंतर निदान करत बसणं बरोबर नाही. पण एवढं दिसतं की १८३४ मध्ये त्याच्याजवळ एक विकहॅम होता.

पंतप्रधानांची रजा

उलट बाजूचं उदाहरण नॉर्वेचं. ऑगस्ट १९९८. तेलाचे भाव पडलेले, चलन अडचणीत, अल्पमतातलं सरकार. पंतप्रधान शेल मॅग्ने बोंदेविक एका सकाळी अंथरुणातून उठूच शकले नाहीत. सल्लागारांसमोर दोन मार्ग होते. पाठदुखी, थकवा, विषाणुजन्य ताप असं काहीतरी सांगायचं, किंवा खरं सांगायचं. पंतप्रधानांना नैराश्याचा त्रास झाला असून ते उपचार घेत आहेत, असं जाहीर झालं. साडेतीन आठवडे उपपंतप्रधानांनी कारभार पाहिला. बोंदेविक परतले. दीड वर्षाने त्यांचं सरकार पडलं ते गॅसवर चालणाऱ्या वीज प्रकल्पांच्या वादावरून, आजारपणावरून नव्हे. २००१ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले आणि २००५ पर्यंत राहिले.

लंडनच्या लॉइड्स बँकेचे प्रमुख अंतोनियो ओर्ता-ओसोरियो यांनीही २०११ मध्ये निद्रानाश आणि अतिथकव्यामुळे दोन महिन्यांच्या आसपास रजा घेतली आणि परत येऊन जवळजवळ दहा वर्षं बँक चालवली. (जहाजांचा विमा उतरवणाऱ्या प्रसिद्ध लॉइड्सशी या बँकेचा संबंध नाही, नाव तेवढं सारखं.)

या दोघांना मोठ्या देशांचं, मोठ्या पगाराचं संरक्षण होतं हे खरं. पण खुर्ची तात्पुरती दुसऱ्याकडे देण्याची सोय आधीच लिहिलेली होती आणि ती वापरली गेली, हेही तितकंच खरं.

आजार ओळखायचा कसा

पुढारपण करणाऱ्या माणसातलं नैराश्य रडण्यातून दिसेलच असं नाही. बऱ्याचदा ते चिडचिडीतून दिसतं. पूर्वी दोन मिनिटांत होणारा निर्णय चार दिवस रेंगाळतो. मेल उघडले जात नाहीत. ज्या गप्पांसाठी क्लबात यायचा त्याच नकोशा होतात. पहाटे तीन-चारला जाग येते आणि मग डोळा लागत नाही. दारूचा एक पेला तीनवर जातो, कारण क्लबातल्या संध्याकाळी तो हातात असणं कुणाला खटकत नाही. व्यासपीठावर मात्र तासभर माणूस झकास बोलतो आणि घरी जाऊन कोसळतो. त्या तासाभराच्या जोरावर ‘याला काय झालंय?’ असं सगळे म्हणतात. उदासी किंवा कशातच रस न वाटणं, यांतलं एक तरी लक्षण आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता यांतले बिघाड दोन आठवडे रोजच्या रोज राहिले, तर डॉक्टरांना दाखवायची वेळ झाली असं मानावं.

उलट्या टोकाचा आजार ओळखणं आणखी अवघड, कारण तो नेतृत्वगुणासारखा दिसतो. द्विध्रुवी विकारातल्या उन्मादाच्या टप्प्यात माणूस तीन तास झोपून ताजातवाना असतो. आठवड्यात सहा समित्या स्थापतो, परवडणार नाही असं सभागृह ठरवतो, रात्री दोनला सदस्यांना लांबच लांब संदेश पाठवतो, विरोध केला की भडकतो. सुरुवातीला सभासद खूश होतात. असा धडाडीचा अध्यक्ष झालाच नव्हता, असं बोललं जातं. दीड-दोन महिन्यांनी हाच माणूस खोल नैराश्यात जातो. डॉक्टरकडे तो याच टप्प्यावर पोहोचतो आणि आधीचे धडाडीचे दिवस सांगायचे राहून जातात. ते सांगणं गरजेचं असतं, कारण द्विध्रुवी विकारात नुसती नैराश्याची गोळी दिली तर उन्माद उसळू शकतो. घरच्या माणसाने सोबत जाऊन पूर्ण हकिगत सांगावी ती यासाठी.

औषधांबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची सवय लागत नाही. त्यांचा परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. बरं वाटू लागल्यावरही पहिल्या खेपेला साधारण सहा ते नऊ महिने त्या चालू ठेवाव्या लागतात आणि बंद करायच्या त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. झोपेच्या गोळ्या ही वेगळी गोष्ट. त्यांची सवय लागू शकते, आणि सकाळी राहिलेली गुंगी ब्रिजवर किंवा इंजिनरूममध्ये जिवावर बेतू शकते. लिथियम हे द्विध्रुवी विकारावरचं जुनं आणि प्रभावी औषध. त्याची रक्तातली मात्रा अगदी नेमकी राखावी लागते. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या इंजिनरूममध्ये घामाने अंगातलं पाणी आणि मीठ गेलं की ती मात्रा वाढून विषबाधा होऊ शकते. जहाजावर रक्ततपासणीची सोय नसते. म्हणून लिथियम घेणाऱ्याला समुद्रावर पाठवताना डॉक्टर बिचकतात. त्यामागे आकस नसतो, शरीरशास्त्र असतं. किनाऱ्यावर कचेरीत बसून काम करणाऱ्या, क्लब चालवणाऱ्या माणसाला मात्र नियमित तपासणीनिशी याच औषधावर वर्षानुवर्षं उत्तम काम करता येतं.

सर्टिफिकेटची भीती

जहाजावर जायचं तर वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र लागतं. ते साधारण दोन वर्षं चालतं आणि मान्यताप्राप्त डॉक्टरच देतात. ते गेलं की रोजी गेली. गावाकडचं कर्ज, मुलांची शिक्षणं, सगळं त्या कागदावर उभं असतं. मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी खिशात असणं म्हणजे करिअर संपणं, अशी या धंद्यातली समजूत आहे आणि ती अगदीच निराधार नाही. आजार लपवणारे लपवतात ते यामुळे. किनाऱ्यावर आलेले अनेक जण पुन्हा जहाजावर जाण्याची वाट मोकळी ठेवतात, त्यामुळे क्लबचा अध्यक्षही या भीतीतून सुटलेला नसतो.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटना यांची नाविकांच्या तपासणीबाबतची संयुक्त मार्गदर्शक तत्त्वं मात्र सरसकट दार लावत नाहीत. आजार तीव्र असेल तेव्हा समुद्रावर पाठवायचं नाही, यात दुमत नाही. नंतर माणूस स्थिर आहे का, उपचार नियमित घेतो का, आपल्या आजाराची त्याला जाण आहे का, औषधांचे दुष्परिणाम आहेत का, आजार उलटण्याचा धोका किती, हे पाहून काही मर्यादांसह किंवा मर्यादांशिवाय परवानगी देता येते. लपवलेला आजार भर समुद्रात उफाळतो तेव्हा जवळचं रुग्णालय आठ दिवसांच्या अंतरावर असू शकतं. वेळेवर सांगितलेला आजार बहुतेकदा काही महिन्यांची रजा मागतो.

देशातला कायदाही रुग्णाच्या बाजूने आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. त्याने उपचारांचा हक्क दिला, रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक केलं आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरावं असं सांगितलं. म्हणजे क्लबच्या अध्यक्षाला काय झालंय हे त्याच्या डॉक्टरांनी कार्यकारिणीला सांगायचं नाही. त्याने स्वतः किती सांगायचं, ते तो ठरवेल. बोंदेविक यांच्यासारखं जगजाहीर करणं हा एक मार्ग आहे, एकमेव नाही. ‘प्रकृतीच्या कारणास्तव सहा आठवडे उपाध्यक्ष काम पाहतील’ एवढं वाक्य सूचना फलकावर पुरतं. उपाध्यक्षाला आणि आणखी एखाद्या विश्वासू माणसाला मात्र खरं ठाऊक असावं.

कार्यकारिणीला करता येण्याजोगं बरंच आहे आणि त्याला पैसा लागत नाही. अध्यक्ष सलग दोन बैठकांना आला नाही, तर चौकशी कुणी करायची हे आधीच ठरलेलं असावं. अडचणीतल्या नाविकांचे फोन एकाच माणसाच्या खाजगी मोबाइलवर येऊ नयेत, पाळी लावावी. वॉच चार तासांची का असते हे ज्यांना पाठ आहे, त्यांना हे समजावून सांगायची गरज पडू नये. रजेवरून परतलेल्याला पहिल्याच दिवशी वार्षिक परिषद गळ्यात घालू नये. चौकशी करताना ‘धीर धरा, मन खंबीर ठेवा’ हे टाळलेलं बरं, कारण वीस वर्षं मन खंबीर ठेवूनच तो इथवर आलेला असतो. ‘यातलं कुठलं काम मी घेऊ?’ हा प्रश्न उपयोगी पडतो. आणि मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारायला घाबरू नये. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

पिंगळीसारख्या गावात बसलेल्या आईवडिलांना यातलं काय कळणार, असं समजू नये. सर्वांत आधी फरक त्यांनाच जाणवतो. रोजचा व्हिडिओ कॉल आठवड्यावर जातो, पोरगा कॅमेरा बंद ठेवून बोलतो, ‘हो’, ‘नाही’, ‘नेटवर्क नाही’ एवढ्यावर बोलणं संपतं. नेटवर्क आता पूर्वीइतकं दुर्मिळ नाही. सागरी श्रम करारातल्या सुधारणेनुसार डिसेंबर २०२४ पासून नाविकांना घरच्यांशी संपर्कासाठी इंटरनेट उपलब्ध करून देण्याची अपेक्षा जहाजमालकांकडून आहे. आणि मुलगा चाळिशी-पन्नाशीचा, मोठ्या हुद्द्यावरचा झाला म्हणून हे प्रश्न विचारायचे थांबवू नयेत.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे राज्य सरकारने २०१५ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात परभणी आहे. ‘आशा’ कार्यकर्ती घरी येऊन मनाची विचारपूस करते, हे इथल्या अनेक घरांना ठाऊक आहे. तिला शेतीबद्दल सांगता येतं तसं जहाजावरच्या मुलाबद्दलही सांगता येतं. परभणीच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवता येतं. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. आजारी माणसाच्या वतीने घरचे किंवा सहकारी फोन करू शकतात. भर समुद्रात असलेल्यांसाठी ‘सीफेअररहेल्प’ ही आंतरराष्ट्रीय सेवा आहे. तीही मोफत, चोवीस तास, आणि हिंदीत बोलता येतं. फोन कॅडेटचा आहे की कॅप्टनचा, की किनाऱ्यावरच्या एखाद्या क्लबच्या अध्यक्षाचा, यावरून तिथे कुणाला परत पाठवत नाहीत.